शिडीवरचा माणूस

४ जाने., रवि.
शिरवण्यातल्या आमच्या गल्लीचे जुने फोटो गोळा करतेय. गावच्या ग्रुपवर टाकायला, असं सगळ्यांना सांगते. खरं तर बाबांना शोधतेय. मी पोटात असताना गेले. एक फोटो नाही. गल्लीत कॅमेरा यायचा तो लग्नातच, आणि लग्नात बाबा कायम मांडव बांधायला वर चढलेले.

६ जाने.
घरोघर फिरले. अल्बम सगळे सारखेच. नवरी, करवल्या, मागे मांडवाचं कापड. कौलं, ओटे, विहीर, सगळं कापडामागे गडप. आता तिथे बिल्डिंग, खाली ब्युटी पार्लर. वैताग नुसता.

९ जाने.
सापडला एक! शेजारच्यांच्या हळदीचा. कडेला शिडीवर माणूस, पाठमोरा, हातात सुंभ. आयने डोळ्यांजवळ धरला. "ह्योच तुजा बापूस. मान बग." रडली, मग हसली. मीपण रडले.

१० जाने.
मोठा करून भिंतीवर लावला. आयने स्वतः हार घातला. समोर बसूनच जेवली. तिला इतकं निवांत कधी बघितलं नव्हतं.

१३ जाने.
फ्रेम पुसताना दिसलं, शिडीमागे विजेचा खांब. आयच सांगते, बाबा गेले तेव्हा गल्लीत लाइट नव्हती.
उरणला काशिनाथकाकांना, बाबांच्या चुलतभावाला, फोटो पाठवून फोन केला. "अगो, ह्यो तं मीच! तुजा बापूस त्याच्या आंदीच गेलता." मग म्हणाले, सोमवारी हार्टचं ऑपरेशन आहे. हाराचं सांगायची हिंमतच झाली नाही. जित्या माणसाला हार! काय करून बसलो आम्ही.

१५ जाने.
काका न सांगता आले. "ऑपरेशनच्या आंदी भेटून जाव म्हनलं." भिंतीकडे बघत उभे राहिले. आय म्हणाली, "बग र, तुजा भाव." काकांनी टोपी काढली, फोटोला हात जोडले. चहा घेतला, बिस्किट नको म्हणाले. दारात मला हळूच, "वैनीला काय बोलू नको. हार तेवरा ताजा ठेव."

१८ जाने., रवि.
उद्या काकांचं ऑपरेशन. कालचा हार सुकला म्हणून आयने सकाळीच झेंडूचा नवा आणायला लावला. आणला. अजून पिशवीतच आहे.
ती आतून विचारतेय, "घातला का गो?"