लोलाच्या हाटेलातली घागर

लातूर, बुधवार

धाकटी बहीण धुरपताबाई हिला थोरल्या पारूबाईचा जय भीम. इकडं आम्ही सगळे धडधाकट हाय. तू कशी हायेस ते कळवायची तसदी घेऊ नकोस, तुझी सून दिपाली रोजच्या रोज मोबाईलवर टाकतीच. गुडघ्याचं कळलं; तेल चोळ. मोतीबिंदू काढला तेबी कळलं. बरं झालं, आता तरी तुला खरं दिसंल. पत्र बघून चमकू नकोस, कुणी मेलं न्हाई. फोन लावला की तू आवाज ओळखून ठेवून देतीस, म्हणून पत्र. अकरा वर्षांमागं आईच्या जलदान विधीला भरल्या मांडवात म्हणलीस की पारूचं तोंड बघणार न्हाई. नको बघूस. पत्राला तोंड नसतं. (अक्षराला नाक मुरडू नकोस. साक्षरता वर्गाला मी बेचाळीस दिवस गेले. तू तिसऱ्या दिवशी बाईंशी भांडून परत आलीस. म्हणजे हे दिपालीच वाचून राहिली असणार. दिपाली, बाई, मोठ्यानं वाच, अन् मधलं गाळू नकोस.)

तर सांगायचं ते हे, की आपली घागर सापडली. हाव, तीच. दिपालीला ठाऊक नसंल म्हणून सांगते : आमच्या बानं, केरबानं, खडी फोडायच्या कामावर जाऊन तांब्याची घागर घेतली अन् उदगीरच्या बाजारात तिच्यावर नाव घालून घेतलं, 'पारू व धुरपता केरबा, मु. जळकोट'. बाला वाचता येत न्हवतं, म्हणून त्यानं नाव घालणाऱ्याकडून तीन डाव वाचून घेतलं अन् चौथ्यांदा रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाकडून, फसवलं तर न्हाई म्हणून. एकीचं नाव घातलं तर पोरी भांडतील, असा त्याचा हिशोब. दोघींचं घातलं, तर बघ किती गोडीगुलाबीनं राहिलो. आई गेली, विधीच्या दिवशी घागर गायब, अन् तू माझ्याकडं बोट केलंस. आता मला सांग, लातुरातल्या एका हाटेलात छताला टांगलेली घागर मी नेली कशी?

पण पहिल्यापासून सांगते, न्हाईतर तुला मधलं कळायचं न्हाई. माझा नातू धम्मदीप (आनंदराजचा थोरला, तू त्याच्या बारशाला आली होतीस अन् नाव आवडलं न्हाई म्हणून घुगऱ्या न खाता गेली होतीस) फिलिपिन्स देशातून डाक्टरकी शिकून आला. मग इथल्या सरकारची परीक्षा. ती तिसऱ्या खेपेला पास झाला. पास झालास तर मिठाई आण म्हणलं, तर म्हणे आज्जी, तुला तिकडचं जेवण खाऊ घालतो, लातुरातच मिळतं. मी म्हणलं, सहा वर्षं तिकडचं खाऊन तू वाळलास, मला कशाला नेतोस? पण पोरगं मागंच लागलं. गेले.

गावाबाहेर तेलाच्या जुन्या मिलचं गोदाम हाय, त्यात हे हाटेल. पाटीवर नाव 'लोला'. त्यांच्यात आजीला लोला म्हणतात म्हणे. मालक भीमाशंकर, शिरूर अनंतपाळकडचा लिंगायताचा पोरगा. चौदा वर्षं जहाजावर इंजिनाचं काम केलं, अन् त्या फिलिपिन्सच्याच एका बेटावरची मारिसेल नावाची बायको करून आणली. रांधती तीच, तिच्या आईच्या हातचं जसं असायचं तसं. आता तुला वाटंल हाटेल म्हणजे टेबल, खुर्ची, पंखा. धुरपता, आपण जे जे उकिरड्यावर टाकलं ते ते सगळं तिथं पुसून मांडलंय. कुणाच्या तरी घराचा दर्वाजा आडवा पाडून त्यावर काच टाकली, झालं टेबल. (कडी तशीच ठेवली, माझ्या कोपराला लागली.) शिलाई मशिनीच्या पायडलावर हात धुवायचं भांडं. जात्यात मनीप्लँट. बैलाच्या घुंगरमाळा संडासाच्या दाराला, म्हणजे कुणी आत गेलं की साऱ्या हाटेलाला कळतं. भिंतीवर सोळा घड्याळं, अन् एकाचं दुसऱ्याशी पटत न्हाई. मधोमध लाकडाचा चमचा अन् काटा, माझ्या उंचीचे. मी विचारलं, ह्यानं जेवतं कोण? धम्मदीप म्हणला, कुणी न्हाई, तिकडं घरोघरी शोभेला लावतात. आपण फोटो लावतो, ते चमचे लावतात. जेवणाराला बरं वाटत असंल.

मारिसेल बाहेर आली. ठेंगणी, गोल तोंडाची, अंगात झगा अन् वरून एप्रन. काही न बोलता तिनं माझा हात धरला अन् वर ओढला. मला वाटलं अंगठी काढून राहिली. मी हिसडा मारला, तर माझी बांगडी तिच्या नाकावर. नाक लाल. मग धम्मदीप कपाळाला हात लावून सांगतो की त्यांच्यात मोठ्या माणसाचा हात कपाळाला लावून घेतात, आपल्याकडं पाया पडतात तसं. मी म्हणलं, मग आधी सांगायला काय धाड भरली होती? पण पद्धत सोयीची हाय. वाकायचं काम न्हाई, ज्याचे गुडघे गेले त्याला बरी. मी दुसऱ्यांदा हात पुढं केला, अन् तिनं एका हातानं नाक धरून कपाळाला लावला. बोलती आपल्यासारखीच. 'लोला, लई भूक लागली का?' म्हणली. तुझ्या धाकट्या सुनेपेक्षा तिची मराठी साफ हाय. (दिपाली, हे तुला न्हाई.)

जेवण सांगते. पहिल्यांदा माशाचं आंबट, आख्ख्या मुंडक्यासकट, अन् चिंच अशी सढळ हातानं की आपल्या आईचीच आठवण यावी. आपण पुण्यामुंबईकडच्या माणसाला चिंच घातलेलं वाढलं तर तोंड वाकडं करतं, अन् ही समुद्रापलीकडची बाई मुठीनं घालती. मग कोंबडी, लसूण अन् सिरक्यात शिजवलेली, काळीभोर. चव चांगली, पण तिखटाचं नामोनिशाण न्हाई, आजारी माणसाला द्यावी तशी. मी कंबरेच्या पिशवीतून कारळाच्या चटणीची पुडी काढली अन् वर भुरभुरली. मारिसेल बघत होती. मला वाटलं रागावती आता. तिनं बोट बुडवून चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, अन् पुडीच मागून घेतली. काट्यानं भात चमच्यात ढकलायचा अन् मग खायचा, अशी त्यांची रीत. मी हातानं खाल्लं. तीबी समोर बसून हातानंच खायला लागली, म्हणली घरी आम्हीबी असंच. शेवटी गोड म्हणून उंच गिलासात बर्फाचा चुरा, दूध, मक्याचे दाणे, अन् खाली काय निघावं, राजमा! दुधात राजमा! मी तो एकेक वेचून धम्मदीपच्या ताटात टाकला.

तो राजमा वेचायला उजेड बरा हाय का म्हणून वर बघितलं. डोक्यावर दिवा. दिव्यावर उलटी टांगलेली तांब्याची घागर. बुडाला भोक पाडून त्यातून वायर, अन् तोंडातून बल्ब लोंबकळतोय. काठाखाली नाव. धुरपता, स्वतःचं नाव सुलटं वाचायला मला बेचाळीस दिवस लागले. उलटं मी एका दमात वाचलं. तुझंबी वाचलं. चढले खुर्चीवर, खुर्चीवरून त्या दर्वाज्याच्या टेबलावर, अन् मारली घागरीला मिठी. धम्मदीप खालून आज्जी आज्जी करतोय. मी ओढली, वायर तुटली, अन् फटकन साऱ्या हाटेलाची लाईट गेली. अंधारात माझा पाय माशाच्या आंबटात. घुंगरमाळा वाजल्या, कारण कुणीतरी घाबरून संडासात पळालं. भीमाशंकर टॉर्च घेऊन आला तेव्हा मी टेबलावर उभी, पायाला मासा, बगलंत घागर. म्हणलं, ही माझी हाय, नाव हाय माझं, वाचा.

त्यानं वाचलं. मारिसेलला वाचून दाखवलं. भांड्यावर नाव घालायची रीत तिला ठाऊक न्हवती. तिला वाटत होतं ती नक्षी हाय. किती घेता, असं धम्मदीपनं विचारलं, तर ती मान हलवून न्हाईच म्हणली. 'नावं दोन हायेत, लोला. दोघी या. ह्याच टेबलावर सोबत जेवा. मग घेऊन जा, मला काही नको.' मी म्हणलं दुसरी लांब असती. म्हणली, घागर पळून जात न्हाई. अन् नवी वायर जोडून लावली की परत वर!

आता तू म्हणशील, मग मला कळवायचं होतंस. कळवलं असतं तर तू आली असतीस का? म्हणून मी डोकं चालवलं. आमची शेजारीण गौरम्मा माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची. तिला म्हणलं, चल, हाटेलात जेवायला नेते, फक्त अर्धा घंटा धुरपता हो. बहिरी हायेस असं सांगते, म्हणजे बोलायचं काम न्हाई. (तसंबी तू कुणाचं ऐकतेस कुठं? बहिरी म्हणलं ते खोटं न्हाई.) गौरम्मा लिंगायत, अंड्याला शिवत न्हाई, हे मला ठाऊक होतं. पण भात अन् दुधातला राजमा खाऊन उठंल असा माझा अंदाज. गळ्यातलं लिंग दिसू नये म्हणून पदर कानापर्यंत घेतला अन् गेलो रविवारी. सगळं नीट चाललं होतं. मारिसेलनं दोघींचे हात कपाळाला लावले. मग भीमाशंकरनं भांडं आणून झाकण काढलं, अन् आतला मासा डोळा उघडा ठेवून थेट गौरम्माकडं बघतोय. 'अय्यो शिवा!' करून ती जी उठली, ती कानडीतच सुरू झाली. भीमाशंकर कानडीत काहीतरी म्हणला. अन् ही बहिरी बाई फाडफाड उत्तरं द्यायला लागली! माहेर कुठलं, आजोळ कुठलं, कुणाच्या लग्नात कुठं भेट झाली. निघाली त्याच्या आईची मावसबहीण. तो तिच्या पाया पडला, तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात शेवया करून आणल्या, अन् मी मधी खोटारडी म्हणून माशाकडं बघत बसले. तुझ्या नावाखाली जितकी फजिती व्हायची तितकी झाली.

मारिसेल रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला माझ्याकडं उत्तर असतं. ती समोर बसली अन् म्हणली, 'लोला, खरी बहीण मेली का?' मी म्हणलं न्हाई, देगलूरला हाय, चांगली ठणठणीत हाय. तर म्हणती, 'मग आणत का न्हाई?' तिची बहीण तीन समुद्र ओलांडून हाय, अन् दोघी रोज सकाळी फोनवर एकमेकींशी भांडतात म्हणे. मला काही बोलता आलं न्हाई. (दिपाली, हे परत एकदा वाच. पारूबाईला बोलता आलं न्हाई. असं रोज घडत न्हाई.)

तर झालं ते हे असं. तू यावंस असं माझं काही म्हणणं न्हाई. घागरीला तसंबी भोक पडलंय, पाण्याच्या कामाची राहिली न्हाई. कळवायचं काम होतं, कळवलं. घरच्या सगळ्यांना जय भीम, ज्यांना माझं नाव चालतं त्यांना.

तुझी थोरली,
पारूबाई

ता. क. : देगलूरहून सकाळची उदगीरची बस धर, उदगीरहून लातूरला गाड्या लागलेल्याच असतात. येत्या रविवारी धम्मदीप स्टँडवर उभा राहील, मी मारिसेलला तसं सांगून बसले. मासा आंबट असतो, तुला जाईल. राजमा मी वेचून देईन.

ता. क. २ : घागर मीच नेली होती. वाकळंत गुंडाळून. विधीच्या दिवशी तुझं गाठोडं ढिलं बांधलेलं दिसलं, म्हणलं ही नेणार, त्याआधी आपण न्यावी. घरी आणली, तर बाहेर ठेवायची सोय न्हाई. जळकोटचं कुणी आलं की दोन्ही नावं वाचणार. दोन वर्षं पलंगाखाली पडून राहिली. पाणी भरता येईना अन् कुणाला दाखवता येईना. मग जुन्याच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारा आला, त्याला दिली अन् पिंप घेतलं. पिंप पहिल्या उन्हाळ्यातच गळालं. भीमाशंकरला सगळं कळलंय, त्यानं घागर ज्या भंगारवाल्याकडून घेतली त्याला विचारलं अन् ती आमच्याच गल्लीतून आली ते धम्मदीपला सांगितलं, अन् धम्मदीप दोन दिवसांपासून माझ्याकडं डाक्टरसारखं बघून राहिला. त्याच्या तोंडून तुला कळण्यापेक्षा माझ्या हातून कळलेलं बरं.

ता. क. ३ : घागर तूच घेऊन जा. मोठी पिशवी आण. आता रागानं यायचंच न्हाई असं ठरवत असशील, तर ठरवू नकोस. ये अन् तोंडावर शिव्या दे. सुना भितात, आनंदराज मान खाली घालतो, नातवंडं हसतात. अकरा वर्षं झाली, मला कुणी नीट शिव्या दिल्या न्हाईत.