व्हर्नाच्या लगेच मागे

१४ एप्रिल
बाहेर अजून बर्फ. घरात निर्णय झाला. मोटरसायकल घ्यायची. माझी स्वतःची.
बावीस वर्षं रॉल्फच्या मागच्या सीटवर बसून मी अर्धी अमेरिका पाहिली. म्हणजे रॉल्फचं जाकीट पाहिलं. आता रॉल्फ ॲरिझोनात आहे, मोठी गाडी त्याच्याकडे आहे आणि मागच्या सीटवर कुणी शेरिल आहे. असो. मला त्याचं काही नाही.
सप्टेंबरमध्ये चर्चमधल्या व्हर्नाचा बायकांचा मोटरसायकल ग्रुप लेकला, म्हणजे आमच्या मोठ्या सरोवराला, पूर्ण फेरी मारतो. या वर्षी मी जाणार, स्वतः हँडल धरून. नाही जमलं तर आपण मागच्या सीटच्याच बाई, हे मान्य करून टाकायचं.
गाडी छोटी हवी. निवांत. मॉडिफिकेशन वगैरे अजिबात नाही. ज्यांना स्वतःविषयी शंका असते, ते गाडीत बदल करतात.

२३ एप्रिल
शोरूमवाल्याने बाराशे सीसीचं धूड दाखवलं. म्हणाला, बायकांनाही झेपते हो. त्या 'ही'साठी मी त्याच्याकडून काहीच घेतलं नाही.
जुनी अडीचशे सीसीची घेतली, चर्चमधल्या एका बाईंकडून. रंग बीटचा. सीट इतकी बुटकी की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. सिग्नेला फोटो पाठवला. लेकीचं उत्तर: आई, अगदी तुझ्यासारखी आहे, कुठे जायची घाई नाही.
प्रेमळ आहे पोरगी.

५ मे
लायसन्स मिळालं. आज ग्रुपबरोबर पहिली राइड. व्हर्ना अडुसष्टची, आयुष्यभर स्कूलबस चालवली, माणसं ओळखते. तिने सगळ्यांना रांगेत लावलं आणि मला कुठे ठेवलं? दुसरी! तिच्या लगेच मागे! वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बायका माझ्या मागे. त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने मलाच संकोच झाला. पण कुणी एका शब्दाने बोललं नाही. आमच्या मिनेसोटात बोलत नाहीत.

१९ मे
चढावर व्हर्ना पुढे निघून गेली आणि मग थांबून राहिली. गाडीत दम नाही, दुसरं काय. इंटरनेटवर टेक्ससचा एक गृहस्थ लिहितो की कंपनीचा सायलेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडावर दाबलेली उशी. वाचून वाईट वाटलं. बिचारीला श्वासच घेता येत नव्हता.
शेजारच्या ग्लेनला विचारलं. म्हणाला, अगं मार्लिस, निवांत हवी म्हणून घेतलीस ना? मग राहू दे की निवांत. पळायचं असेल तर पळणारी घ्यायची. आरामखुर्चीला कशाला पळवतेस?
ग्लेनकडे गवत कापायचं यंत्र आहे. त्यापलीकडे त्याचा अनुभव नाही.
फक्त सायलेन्सर बदलणार. बाकी काही नाही.

२ जून
बसवला. काय आवाज! ग्लेनचं कुत्रं पोर्चखाली गेलं ते संध्याकाळीच बाहेर आलं. व्हर्नाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, वेगळंच आहे हो काहीतरी.
चर्चच्या जेवणाला मी मांस-बटाट्याच्या हॉटडिशमध्ये मनुके घातले होते, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. तेव्हाही मला बरं वाटलं होतं. ते भांडं भरलेलंच परत आलं, पण त्या दिवशी गर्दी कमी होती.

९ जून
गाडी आचके देते, फटफट फुटते. दोष सायलेन्सरचा नाही, एकट्याने तो काय करणार? टेक्ससवाले म्हणतात, हवा बाहेर मोकळी सोडलीत तर आत पण मोकळी घ्या. एअर फिल्टर मागवला. मग हवा जास्त तर पेट्रोलही जास्त हवं, म्हणून कार्ब्युरेटरचे जेटही. यानंतर काही नाही.

२३ जून
पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललं, कमी दातांचं घेतलं. आता सिग्नल सुटला की गाडी टुणकन उडी मारते. मग ताशी पन्नास मैलांच्या आधीच किंचाळायला लागते. जोम आहे, म्हणून किंचाळते.
वेग मात्र पूर्वीपेक्षा कमी वाटतो. रस्त्यावर वारा असणार.
दुसरा नंबर कायम. व्हर्ना आरशातून सतत माझ्याकडे बघत असते. स्पर्धेची भीती कुणाला चुकत नाही.

७ जुलै
आज एकटीच गेले, किनाऱ्याच्या रस्त्याने. एका वळणावर हरिणी उभी होती, पिल्लू मागे. मी थांबले. तीही थांबली. बावीस वर्षांत या रस्त्यावर हरणं असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रॉल्फ नेहमी म्हणायचा, अरेरे, गेलं बघ! मी मान वळवेपर्यंत फक्त झाडं.
त्याचा फोन आला होता, घराच्या कागदांसाठी. गाडीचं कळलं होतं. विचारलं, किती पळते? म्हटलं, पुरेशी.

२१ जुलै
सिग्ने आली. माझी गाडी घेऊन चढावर जाऊन आली. केस विस्कटलेले, हसत होती. म्हणाली, आई, चढावरसुद्धा पासष्ट गेली! तू ॲक्सिलरेटर पूर्ण पिळतेस ना?
म्हटलं, अर्थात.
तिचं वजन कमी आहे.

११ ऑगस्ट
ग्रुपमध्ये नवी बाई आली, आर्डिस. वय एकाहत्तर. लायसन्सची शाई वाळलेली नाही. मला वाटलं, हिला सगळ्यात शेवटी ठेवतील. व्हर्नाने तिला तिसरी ठेवलं, माझ्या मागे. मी समजले. माझ्याकडे बघून शिकावं म्हणून. थांबलो तेव्हा मी तिला वळणांविषयी चार गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, हो का, बरं झालं सांगितलंस, आणि हेल्मेट काढून थर्मासमधली कॉफी ओतली. तिची अर्धी पिऊन झाली होती. तेव्हा माझी पाचवी गोष्ट चालू होती.

२५ ऑगस्ट
व्हर्नाला बाजूला घेऊन विचारलं की लेकच्या फेरीत एखादा दिवस मी सगळ्यांच्या पुढे राहू का.
तिने आधी हवामानाविषयी सांगितलं. मग तिच्या बहिणीच्या गुडघ्याविषयी. मग बुटांकडे बघत म्हणाली, अगं मार्लिस, सगळ्यात हळू चालवणारीला दुसरी ठेवतात. पुढच्या बाईला ती आरशात दिसते आणि मागच्या सगळ्या तिच्या वेगाने येतात. म्हणजे कुणी मागे सुटत नाही. सगळीकडे असंच करतात. मला वाटलं, तुला माहीत आहे.
म्हटलं, आणि आर्डिस?
म्हणाली, आर्डिस तिसरी.
तिथे लेमन बार होते, लिंबाच्या गोड वड्या. मी चार खाल्ले.

२७ ऑगस्ट
जाणार नाही. गाडी विकणार. सायलेन्सर वेगळा विकणार.

३ सप्टेंबर
ग्लेनने जुने भाग परत बसवून दिले. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. न म्हणण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडत होते, ते दिसत होतं.
चढावर गेले. ठरवलं होतं, आज ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. अर्ध्यावर मनगट थांबलं. पुन्हा पिळला, पुन्हा तिथेच. पुढे जागा होती, गाडी तयार होती. बावीस वर्षं दुसऱ्याच्या कमरेला धरलेला हात आहे, त्याला यापुढचं माहीतच नाही. याला कुठलं स्प्रॉकेट बसवणार?
रस्त्याच्या कडेला थोडी रडले. मग घरी आले. उतारावर अडतीस.

४ सप्टेंबर
व्हर्नाला फोन केला की येते. ती म्हणाली, आम्ही मुक्कामाला तुझी खोली धरूनच ठेवली होती गं.
शांतपणे विचार केला. सगळ्या जणी माझ्या वेगाने जाणार. म्हणजे वेग कोण ठरवतं? एका अर्थाने ग्रुप मीच चालवते.

८ सप्टेंबर
लेकच्या फेरीचा पहिला दिवस. आठ गाड्या, एका रांगेत, हेडलाइट लावून. ऊन छान. आणि काय आदर! समोरून येणारे पिकअप ट्रक कडेला थांबत होते. एका शेतकऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. मी प्रत्येकाला हात केला. मागे कितीतरी गाड्या, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. लोकांना कळतं, असं मनात आलं. या वयात, बायका, आपापल्या गाड्यांवर.
पेट्रोल पंपावर कॉफी घेतली. काउंटरवरच्या मुलीने पैसे घेतले नाहीत. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, फार वाईट झालं हो. जवळचं कुणी होतं का?
मला काही कळेना. मी व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं, मग आमच्या रांगेकडे, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. हेडलाइट लावून एका रांगेत, इतक्या संथपणे आमच्याकडे फक्त अंत्ययात्रा जाते.
खरं सांगितलं असतं तर मुलीला ओशाळं वाटलं असतं. म्हणून व्हर्नाने डोकं खाली घातलं. मग आर्डिसने. मग सगळ्यांनीच.
मी म्हटलं, वय झालं होतं.
कॉफी संपवली आणि निघालो. तशाच. व्हर्ना पुढे, मी दुसरी.