पुरणपोळीसाठी आणलेली शिवी

नाना, गेल्या आठवड्यात गावच्या देवळात बैठक होती आणि विषय तुम्ही होतात. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी सभामंडपात तुमचा फोटो अजून आहे, चष्मा जरा तिरका, समोरच्याचा पेपर तपासत असल्यासारखा चेहरा. तो फोटो उतरवायचा, असं आपल्या मुंबई मंडळाचं म्हणणं होतं. कारण काय, तर तुम्ही गावाला शिवी शिकवलीत. मी महाडला आमच्या औषधांच्या दुकानात खोकल्याची बाटली कागदात गुंडाळत होते, तेवढ्यात आईचा फोन. ‘‘गो बाय, तुझ्या बापाला देवळातनं काढतायत. उद्या पयल्या एस्टीनं ये. आनि त्या शब्दाचं काय ते नीट वाचून ये.’’ आईनं मला काही वाचून यायला सांगितलं ते जन्मात पहिल्यांदाच. इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी असून माझं इंग्रजी गोळ्यांच्या पाकिटांवर संपतं हे तिला माहीत आहे, पण अडचणीच्या वेळी तिला दुसरं कोण मिळणार?

झालं होतं ते असं. कुणीतरी गेल्या शिमग्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. त्यात ढोल वाजतोय, होळी पेटलीय, पालखी नाचतेय, आणि टोपीवाले म्हातारे, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, कडेवरची पोरं, सगळं गाव पालथा हात तोंडावर मारून ‘ब्लडीऽऽ’ अशी बोंब मारतंय. मुंबई मंडळाचे अध्यक्ष मोठ्या कंपनीत आहेत. त्यांच्या साहेबानं तो व्हिडिओ पाहिला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत विचारलं, हेच का तुमचं गाव? त्या दिवसापासून अध्यक्षांना जेवण गोड लागेना.

आता त्यांना कोण सांगणार, की ही शिवी गावात आली तीच मुळी गोड जेवणासाठी. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. शिमगा तोंडावर आलेला. आपल्याकडे होळीपुढे शिव्या दिल्याशिवाय होळी लागत नाही असं म्हणायचे, आणि त्या शिव्या म्हणजे एकजात आईबहिणींच्या. त्या वर्षी आई पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, ‘‘होळी ह्यांची, बोंब ह्यांची, नि शिव्या मात्र आपल्याला. वर पुरनबी आपनच वाटायचं?’’ संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीचं ठरलं. शिव्या बंद होत नाहीत तोवर एकाही घरात पुरण शिजणार नाही. पुरुष आधी हसले. मग रिकामे पाटे बघून त्यांचं हसू मावळलं. शिव्या सोडाव्यात तर रूढी मोडते, देवी कोपते, आणि न सोडाव्यात तर पोळी नाही. तुम्ही महाडच्या शाळेतून दमून आलात, तर आपल्याच घरी डाळ डब्यात आणि आई दारात. संपाची पुढारी तुमच्याच घरातली असल्यामुळे तुमची पंचाईत सगळ्यांत मोठी होती. जन्मात कधी शिवी दिली नाहीत, आणि पोळीला मात्र मुकणार होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही होळीच्या खड्ड्याशी उभे राहिलात, वर्गात राहता तसेच, हात मागे बांधून. मला ते अजून दिसतं. तुम्ही सांगताय, की एक इंग्रजी शब्द आहे, त्यात आई नाही, बहीण नाही. अर्थ रक्ताळलेला, पण तिकडे तो अर्थासाठी कुणी वापरत नाही, बोलण्याला जोर यावा म्हणून वापरतात. एके काळी हा शब्द नुसता कानावर पडला तरी तिकडच्या सभ्य घरांत माणसं गोरीमोरी व्हायची. म्हातारा गुरव विचारतोय, ‘‘पन ही लागते कुनाला, मास्तर?’’ तुम्ही म्हणताय, ‘‘कुणालाच नाही. तीच तर सोय आहे.’’ ‘‘मंग ती शिवी कसली?’’ ‘‘म्हणताना जोर लागतो आणि म्हटल्यावर बरं वाटतं. शिवीकडून आणखी काय पाहिजे तुम्हाला?’’ ह्यावर पुरुष एकमेकांकडे बघून माना डोलावू लागले. काम फत्ते होत आलं होतं, आणि तेवढ्यात आईनं मागून विचारलं, ‘‘हा शब्द आला कुटनं?’’

तिथं तुम्ही गप्प राहायला हवं होतं. पण खोटं बोलणं तुम्हाला पोळीसाठीसुद्धा जमलं नाही. ‘‘काही लोक असं मानतात,’’ तुम्ही घसा साफ केलात, ‘‘की त्यांच्या देवाची जी आई, तिच्या नावानं घेतलेल्या शपथेचं हे बिघडलेलं रूप आहे.’’ ‘‘म्हंजी तितंबी आईच!’’ असं म्हणून आई चालू लागली आणि तिच्यामागे सगळ्या बायका. तुम्ही दोन पावलं धावलात, नाना. मी तुम्हाला धावताना तेवढंच पाहिलं. ‘‘पण विद्वानांना ते मान्य नाही! खोटी व्युत्पत्ती आहे ती! दुसरं मत ऐका!’’ दुसरं मत असं, की पूर्वी तिकडे बड्या खानदानातली उनाड पोरं पिऊन रस्त्यात धिंगाणा घालायची, त्यांना उच्च रक्ताचे म्हणून ‘ब्लड’ असंच नाव होतं, आणि त्यांच्याइतका झिंगलेला तो ब्लडी. आई थांबली. ‘‘म्हंजी बड्या बापाच्या वाया गेलेल्या पोरांवरनं पडला हा शब्द?’’ ‘‘तसंच काहीसं.’’ ‘‘मंग चालंल.’’ तुम्ही उत्साहानं म्हणालात, ‘‘तिसरं मत असं आहे...’’ ‘‘तिसरं ऱ्हाऊ दे,’’ आई म्हणाली, ‘‘डाळ भिजत घालायचीय.’’

त्या रात्री गावानं पहिल्यांदा इंग्रजीत बोंब मारली आणि तुम्ही पाच पोळ्या खाल्ल्यात.

पुढचं तुमच्या हातात राहिलं नाही. शब्द होळीपुढून उठून घरोघर गेला. दूध काढताना लाथ मारणारी ती ब्लडी म्हैस, आणि थांबा नसताना म्हातारीसाठी गाडी थांबवणारा तो ‘ब्लडी चांगला डायवर’. मिरची ब्लडी तिखट, चढण ब्लडी लांब. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडताना म्हातारा गुरव डोळे मिटून नुसतं ‘‘ब्लडीऽऽ’’ म्हणायचा, आणि त्यात काय नव्हतं! बैठकीच्या आदल्या रात्री मी शब्दकोश उघडला, मॅट्रिकला तुम्हीच दिलेला, तर राग, कौतुक, वैताग, नवल आणि नुसताच जोर, सगळे अर्थ तिथं होते आणि एकही मला नवा नव्हता. तुमचं तिसरं मतही मी मोबाइलवर वाचलं. साध्या रक्तावरूनच आला असावा, आत काही गोष्ट नाही, असं म्हणतात आता. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तेच तिन्हींत बिनगोष्टीचं म्हणून तुम्ही शेवटी ठेवलं होतंत. शिक्षक तो शिक्षकच.

एकदा मात्र तुम्ही मला रागावला होतात. भर वैशाखात स्वयंपाकघरात माझ्या हातून दूध उतू गेलं आणि मी तोच शब्द म्हणाले. तुम्ही जेवता जेवता हात थांबवलात. ‘‘तो शब्द शिमग्याचा आहे. पालखी आपण वर्षभर रस्त्यावर फिरवतो का?’’ एवढंच. सगळं गाव तो शब्द बारा महिने वापरत होतं आणि नियम फक्त मला. मला फार राग आला होता, पण नंतर शिमग्याबाहेर मी तो तोंडातून काढला नाही.

तर बैठक. मी पोलादपूरला उतरून रिक्षानं वर पोचले तोवर सभामंडप भरला होता. अध्यक्ष चांगला माणूस आहे, उगाच वाईट कशाला म्हणू? ‘‘गुरुजींबद्दल आदर आहे,’’ असं म्हणून त्यांनी सुरुवात केली, तेव्हाच मी समजले. शब्द बंद, फोटो खाली, होळीपुढे नुसता देवीचा जयजयकार. आई बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘जय म्हनायला तोंडावर हात कशाला मारायचा?’’ म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. एक जण म्हणाला, ‘‘मंग आमच्या जुन्या सुरू करूया की. पाठ हायेत अजून.’’ बायका उठल्या. ‘‘करा सुरू. पुरन तुमचं तुमी वाटा.’’ मुंबईहून आलेल्या सुनाही त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या, ज्यांनी पुरण फक्त डब्यात आलेलं पाहिलंय. ओरडा वाढला. मी वाचून आणलेली तिन्ही मतं घेऊन उभी राहिले, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी गुरवाचा मुलगा, आता तोच गुरव, म्हणाला, ‘‘देवीलाच इचारूया.’’

त्यानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर शब्द आणि फोटो राहणार, डावी पडली तर दोन्ही जाणार. मग तो हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला. ‘‘बाय माझे, मास्तरांनी हा विंग्रजी शब्द तुझ्या दारात आनला. कोन म्हनतं तो रगताचा हाय, कोन म्हनतं दारूड्यांचा हाय. तुला तो घान वाटत असंल तर सांग, गोड वाटत असंल तर सांग.’’ मला हसू येत होतं. पाकळ्या हलेनात. सभामंडपाच्या पत्र्यावर ऊन तापलेलं, सगळ्यांच्या पाठी घामानं भिजलेल्या. फोटोतून तुम्ही बघताय. मी मनात म्हणतेय, नाना पडू देत, म्हणजे पाकळी पडू दे, नाना नको. अध्यक्षांना परतीची गाडी होती. वीर स्टेशन काही जवळ नाही. त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, दोनदा पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि स्वतःशीच पुटपुटले, ‘‘किती ब्लडी वेळ लागतोय!’’

उजवी पाकळी पडली.

‘‘हे धरायचं नाही!’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘तुमी बोललात, कौल दिलान तिनं,’’ गुरव म्हणाला आणि त्यानं घंटा वाजवली. सगळं देऊळ हसलं, शेवटी तेही हसले, आणि जाताना तुमच्या फोटोला हात जोडून गेले. आई मला म्हणाली, ‘‘तिला सवय झालीय गो त्या शब्दाची. ह्या वयात नवीन कुटं शिकवता?’’

नाना, एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही. आईलाही नाही. तुम्हाला अग्नी मीच दिला, मुलगा नव्हता म्हणून. श्रावण होता, नदी भरून चाललेली. मडकं फुटल्यावर भटजी म्हणाले, पालथा हात तोंडावर मार आणि बोंब मार. मला तोवर रडू आलं नव्हतं. हात तोंडाशी गेला, आणि त्या हाताला सवय फक्त शिमग्याची. मी ‘ब्लडी’ म्हणून ओरडले. भटजी जागीच थिजले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग मागून, भिजत उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांनी तोंडावर हात नेऊन तीच बोंब उचलली, पूर्ण ताकदीनं, होळीपुढे उचलतात तशी. शिमगा नव्हता, नाना. तुम्ही उठून मला रागवाल, अशी मला क्षणभर खरंच आशा वाटली. तुम्ही उठला नाहीत, तेव्हा मी रडले.

तो कुठला अर्थ होता, ते मी कोशात शोधलं. नाही दिलेला. हे पत्र गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवतेय, टाकायचं कुठं हा प्रश्नच आहे. आईला अजून वाटतं, की त्या दिवशी नदीवरून घरापर्यंत जो आवाज आला, तो माणसांच्या रडण्याचा होता. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही, कारण ती चुकलेली नाही.