नर्सबाईंना निरोप

२ सप्टेंबर १९५३
धारहून, माझ्या माहेराहून, यांच्याबरोबर मोटारीने दुपारी इंदूरला पोचलो. छत्रीबागेतलं सासरचं घर मला फार आवडतं. वरची खोली माझी, खिडकीखाली गल्ली. सहावा महिना लागलाय. मला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. सासूबाईंनी गरम कचोरी वाढली, दोन जिवांची आहेस म्हणत तिसरीही. यांची पहिली बायको कमल वारली, एवढंच मला ठाऊक. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

९ सप्टेंबर
यांनी बोलावलेल्या यशोधराबाई नर्स सायकलवरून आल्या. पोट तपासलं, हसल्या. मग मला लिहूनच घ्यायला लावलं: तोंडा-हातांवर सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, अंगावरून रक्त जाणं, बाळाचं हलणं कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निरोप पाठवा, उशीर झाला तर झटके येतात. उगाच बोलावलंत म्हणून मी कधी रागावणार नाही, म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

१० ऑक्टोबर
हिवाळ्यासाठी सरकारी दफ्तर ग्वाल्हेरला हललं, त्याबरोबर हेही गेले. आज बांगड्या मनगटात रुतल्या. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीला सूज येतेच. भांडीवाल्या सखुबाईला नर्सकडे जा म्हटलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं आणि भांडी घासत राहिली.

१७ ऑक्टोबर
दोन दिवस डोकं ठणकतंय. नर्सला बोलवा म्हणून रडले, तेव्हा सासूबाई पहिल्यांदा कमलबद्दल बोलल्या.
"कमललाही नर्सच्या सांगण्यावरून मीच टांग्यात बसवून बाळंतपणाला इस्पितळात धाडलं, पद्मजा. चालत गेली गं. दुसऱ्या दिवशी चौघांनी आणली."
खजराण्याच्या गणपतीसमोर त्यांनी शपथ घेतलीय, पुन्हा नर्सचा हात सुनेला लागू देणार नाही. बोलता बोलता माझे पाय चेपत होत्या. बोटं उचलली तिथे खड्डे राहिले. त्यांनीही पाहिले. लुगडं ओढून झाकले.

२१ ऑक्टोबर
खाली नर्सबाईंचा आवाज. सासूबाई सांगत होत्या, सून माहेरी गेली, धारला. मी उठले तर खोली फिरली. भिंत धरून खिडकीशी पोचले, तोवर सायकल कोपऱ्यावर. हाक मारली. घंटी वाजत दूर गेली.

२२ ऑक्टोबर
डोळ्यांपुढे काजवे. भर दुपारी. नर्सबाईंना चिठ्ठी लिहून खिडकीतून भाजीवाल्या हरीपुढे टाकली. त्याने उचलली, उलटीसुलटी पाहिली — वाचता येत नसावं — आणि आमचंच दार वाजवलं.
"माँजी, ऊपर से गिर गया।"
आता खोलीला बाहेरून कडी. जिन्यावरून पडशील, म्हणाल्या. आवाजात माया होती.

२३ ऑक्टोबर
कालपासून बाळ हललं नाही. गूळ खाल्ला. कुशीवर निजले. पोटावर हात ठेवून सकाळपासून —
काही नाही.
सासूबाई म्हणतात निजलंय. उशाशी बसून टोपरं शिवतायत.

२४, सकाळ
फासळ्यांखाली कळ. ओळी दोन-दोन दिसतात. दाराला धक्के मारले —
डावा हात उडतोय. मी हलवत नाहीये.
कडी निघाली. सासूबाई. माझ्याकडे पाहून — किंचाळल्या. सखुबाईला ओरडतायत, धाव, नर्सला आण, धाव —
आता उजवाही