शेवटी दादाजवळ कोण होतं

ब्राउनश्वाइग,
१३ नोव्हेंबर २००५

ती. लतावहिनींना,

मालिनीचा वाकून नमस्कार. तुम्ही आणि ऊर्जा बऱ्या असाल. तिचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? आम्ही ठीक. हरीशला कामातून डोकं वर काढायला वेळ नाही. ध्रुवला मराठीत विचारलं की तो जर्मनमध्ये उत्तर देतो. तुमच्या हाताखाली महिनाभर राहिला तर सुधारेल.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक पाहुणी होती. तिच्याबद्दल लिहायचंय. फोनवर जमलं नसतं.

शेजारच्या फ्राऊ ब्राण्डेस चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम करतात. यंदा त्यांनी इस्रायलहून एक आई आणि पॅलेस्टाईनहून एक बाप बोलावला होता. दोघांचीही मुलं तिथल्या हिंसेत गेलेली. मला म्हणाल्या, "बाईंना तुमची भाषा येते म्हणे. तुमच्याकडे राहतील का?"

दार उघडलं तर समोरून अस्सल मराठी! "तूच का मालिनी? आधी चहा टाक बघू." सिपोरा नागावकर. अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू; लहानपणीच आईवडिलांबरोबर तिकडे गेलेल्या. अजून हॉस्पिटलला 'इस्पितळ' म्हणतात. तासाभरात मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांचा एली बसमधल्या बॉम्बस्फोटात गेला. बरोबरचे नबील फ्राऊ ब्राण्डेसकडे उतरले होते. त्यांची सलमा शाळेतून घरी येताना सैनिकांच्या गोळीने गेली.

वहिनी, मला वाटलं होतं, ही माणसं संतासारखी बोलतील. कसलं काय! जेवायला बसलो आणि दोघं हिब्रूत भांडायला लागले. मावशी मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या. नबील म्हणत होते, "ही घरातून निघून सरळ विमानात बसली. मला त्या विमानतळावर जायची परवानगी नाही. जॉर्डनमार्गे आलो." मग इस्रायलने मध्ये बांधलेल्या भिंतीचा विषय निघाला. मावशी म्हणाल्या, "ती भिंत आधी असती तर माझा एली घरी आला असता." "आणि माझी ऑलिव्हची झाडं भिंतीपलीकडे गेली," असं म्हणून नबील उठून बाल्कनीत गेले.

मला वाटलं, संपलं सगळं. मावशींनी उठून आधण ठेवलं. मग त्यांच्यासाठी चहा घेऊन बाल्कनीत गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "भिंतीवर आमचं एकमत कधी झालं नाही. उद्या एकाच मंचावर बसायचंय मात्र."

कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने विचारलं, "मग तोडगा काय? करार?" नबील म्हणाले, "करार हवाच. मला माझा देश हवा, शेतात जायला कोणाची परवानगी लागू नये. हिला निर्धास्तपणे बसमध्ये चढता यावं. सीमा नेत्यांनी ठरवायची, आणि ती ठरल्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे. पण सही झाल्यावरही कोणीतरी बॉम्ब फोडेल, कोणीतरी गोळी झाडेल. आमच्या मुलांची नावं घेऊन लोक ओरडतील, मोडा करार. तेव्हा 'नाही' म्हणायला आम्ही दोघं शेजारी उभे हवेत. ते एका दिवसात जमत नाही, म्हणून आत्तापासून भांडतोय." हॉल हसला. मला रडू आलं.

घरी आल्यावर मी मावशींना विचारलं, "तुम्ही नबील यांच्याशी पहिल्यांदा बोललात तरी कशा?"

"याने विचारलं, एलीजवळ शेवटी कोण होतं? तोवर कोणी विचारलंच नव्हतं. इस्पितळात एक अरब नर्स होती, एवढंच मला माहीत. ती कुठे असेल हेही ठाऊक नव्हतं. तिला शोधायला यानेच मदत केली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझाही भाऊ गेला ना बाजारातल्या स्फोटात? त्याच्याजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "रफीकभाई. दादाचे दुकानातले भागीदार."

"मग विचारलंस त्यांना?"

वहिनी, हे नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. स्फोट घडवणारे आणि रफीकभाई एकाच धर्माचे, एवढ्यावरून आपलं दार त्यांना बंद झालं. तुमच्या दुःखापुढे मी बोलावं असं काही नाही. तुम्हाला दोषही देत नाही.

पण काल मी त्यांना फोन केला. "दादाला तुम्ही एकटं सोडलं नाहीत, म्हणून..." इतकंच बोलू शकले. तेही रडत होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. टॅक्सीत दादाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दादा शुद्धीवर होता, फार तडफडला नाही. हॉस्पिटल दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "रफीक, लताला एकदम सांगू नकोस. आधी तिला खाली बसव."

हा निरोप घेऊन ते आपल्या दाराशी आले होते, वहिनी. तोवर टीव्हीवरून तुम्हाला सगळं कळलं होतं. दार उघडलं नाही. दादाने सांगितलेलं एवढंसं काम आपल्याकडून झालं नाही, हे त्यांना अजून लागून राहिलंय.

मावशी आणि नबील एकाच टॅक्सीने स्टेशनला गेले. बसतानासुद्धा कशावरून तरी वाद चालला होता. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू? त्यांच्यामुळे मला माझ्या दादाचा शेवटचा शब्द मिळाला, आणि तो तुमचा आहे.

वहिनी, तुम्ही बसून वाचताय ना?

तुमची, आणि रफीकभाईंची जन्मभराची ऋणी,
मालिनी