कोड कोणालाही सांगायचा नाही

सोमवार दुपार, चर्चच्या मागचं घर

तीर्थरूप लोसालिने आत्या,

तुम्ही खुर्चीत आणि मी खाली चटईवर मांडी घालून बसलोय असं समजूनच लिहितोय, म्हणजे नमस्कार वेगळा करायला नको (तरी करतो). गुडघा कसा आहे? ऑकलंडला थंडी फार आहे का? आईने पाठवलेलं खोबरेल तेल लावताय ना, की पुन्हा दुकानातल्या त्या ट्यूबच्या नादी लागलात? इकडे बेटावर सगळे ठीक. म्हणजे बाळ (माझा नवा भाऊ) ठीक, आई ठीक, डुकरं (उरलेली) ठीक. बाबा ठीक नाहीत. काल बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण समोर वाढलेलं होतं आणि त्यांनी हात लावला नाही. आमचे बाबा आणि रविवारचं डुक्कर, मधे कोणी आलेलं तुम्ही कधी बघितलंय? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहून मालिआ काकूंच्या हातात देतोय. त्या उद्याच्या विमानाने येतायत. सोबत लू आहे, अळूच्या पानातलं कॉर्न्ड बीफ, तुम्हाला आवडतं तसं जास्त नारळाचं दूध घालून. आधी ते खा, मग पुढचं वाचा. रिकाम्या पोटी वाचू नका.

झालं असं की शनिवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटर अपडेट केला. तुम्ही भेट दिलेला तोच. (हो, मीच केला. कोपऱ्यात तो छोटा बाण दिसतो ना, तो दिसला की माझा हातच थांबत नाही.) माझा विचार इतकाच होता की दुसऱ्या दिवशी एवढा महत्त्वाचा व्हिडिओ कॉल आहे, तर चित्र कसं स्वच्छ यावं. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला विमानात बसू दिलं नाही, आणि आपल्या घरात मुलाचं नाव ठेवणार बापाची मोठी बहीण, म्हणजे तुम्ही. बरं, तुमचा नियम असा की बाळाचं तोंड बघितल्याशिवाय नाव तोंडातून काढायचं नाही. फोटो पाठवला तर म्हणालात, फोटोत सगळी बाळं रताळ्यासारखी दिसतात, मला हलतं बाळ दाखवा. साध्या फोनवर विचारलं तर म्हणालात, मी काय न बघता भाजी घेते का? म्हणजे कॉल झाला नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर बाप्तिस्मा नाही. पुढच्या रविवारवर ढकलायचं म्हटलं तर पास्टर इलाइसा सोमवारच्या बोटीने बदली होऊन जाणार. आणि डुकरं तर पहाटेच भट्टीत गेली होती.

सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर सगळीकडून लॉगआउट. मेसेज नाहीत, कॉल नाही, तुमचा फोटो असायचा तिथे एक करडा गोल. पासवर्ड टाकला, चूक म्हणाला. तोच पुन्हा सावकाश टाकला, तरी चूक. मग विचारतो, तुम्ही माणूस आहात का? म्हणे, ज्या चौकोनांत धुराडी आहेत ते निवडा. आता आत्या, आमच्यापैकी कोणी आयुष्यात घरावर धुराडं बघितलंय का? आईने विटांच्या एका खांबाला चर्चचा मनोरा समजून बोट लावलं, बाबांनी पाण्याची टाकी निवडली, आणि कॉम्प्युटरच्या मते आमच्या घरात एकही माणूस नाही असं ठरलं. त्यात बाबांनी काढलं की रविवारी दुरुस्ती म्हणजे काम, आणि रविवारी काम करायचं नाही. आई म्हणाली, "भट्टीत डुकरं आपोआप गेली का हो? बहिणीला बोलवायचंय तुमच्या, काम कसलं?" तेव्हा कुठे बाबांनी हो म्हटलं, पण मी कळफलकाला हात लावला की दर वेळी ते खिडकीतून रस्त्याकडे बघायचे, कोणी बघत नाही ना म्हणून.

शेवटी तो म्हणाला, नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवलाय. मला इतका आनंद झाला की मी उडीच मारली, आणि खाली यायच्या आत लक्षात आलं की खातं तुम्ही उघडलं होतं. तुमच्या फोनवरून. म्हणजे तुम्हाला फोन लावायला जो कोड लागतो, तो तुमच्याकडेच.

तरी साधा फोन होता. लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण आमच्या बाजूने कसं दिसलं तेही ऐका. मागच्या ख्रिसमसला मीच तुम्हाला अख्खी दुपार बसवून शिकवलं होतं की कोड कोणालाही सांगायचा नाही, समोरचा घरचा माणूस आहे म्हणाला तरी नाही, घाई करायला लागला तर अजिबात नाही. (तेव्हा तुम्ही जांभया देत होतात. मला वाटलं काही डोक्यात शिरत नाहीये. माफ करा.)

"आत्या, मी वाका बोलतोय, तुमच्या फोनवर एक कोड आलाय..."

"हो का? वाका म्हणालाच होता मला, मी वाका बोलतोय म्हणून कोणीतरी फोन करेल."

"अहो, मी तोच वाका!"

"तेही म्हणेल म्हणाला होता."

तेवढ्यात चर्चकडे माणसं जायला लागली, पास्टरांचा निरोप आला की येताय ना, आणि बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आत्या, तुमच्याशी बोलताना बाबा कसे बोलतात तुम्हाला माहीत आहे. मान खाली, आवाज पोटात, हो आणि नाही याच्यापलीकडे शब्द नाही. फोनवर बोलतानासुद्धा ते चटईवर बसतात, तुम्हाला दिसत नाही तरी. काल बसले नाहीत. उभ्याने ओरडले, "लोसालिने, कोड दे लवकर!" आईने तोंडावर हात ठेवला. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता तर खात्रीच पटली. माझा भाऊ जन्मात माझ्यावर ओरडलेला नाही. चोरा, लाज वाटू दे," आणि फोन बंद.

त्यानंतर फोन लागेचना. बाबा पायरीवर जाऊन बसले ते आमच्याकडे पाठ करून. मी पास्टरांच्या घरी धावलो, त्यांचा फोन मागून घेतला, तुम्हाला लावला, आणि तुम्ही "पुन्हा तूच का रे?" म्हणेपर्यंत चर्चची घंटा सुरू झाली. म्हणजे तुम्हीच बसवून दिलेला तो गॅसचा रिकामा सिलिंडर. ठण्, ठण्, ठण्, मग नेहमीप्रमाणे पाउला आजोबांच्या हातातून हातोडा त्यांच्याच पायावर, आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं "आई आई गं!" तुमचा सूरच बदलला. मग म्हणालात, "अजून त्याच पायावर पाडतो का रे तो?" आणि कोड वाचायला लागलात.

आत्या, रागावू नका, पण कोड नुसता वाचायचा असतो. सहा म्हटल्यावर सहा मुलं कोणाकोणाला आहेत हे सांगायचं नसतं. पहिल्या कोडची मुदत संपली. घरी जाऊन दुसरा मागवला, पुन्हा पास्टरांच्या फोनवर तो ऐकला, आणि त्याची मुदत संपता संपता मी घरी पळत आलो, शेवटचा आकडा दाबला, आणि उघडलं! मग म्हणे कॅमेऱ्याची परवानगी द्या. दिली. मग म्हणे माइकची द्या. दिली. तरी सगळं काळं. (बाळासाठी आईने झाडाच्या सालीचं चित्रांचं कापड वर टांगलं होतं, त्याचं टोक कॅमेऱ्यावर लोंबत होतं.) तेवढ्यात पास्टरच पुस्तक घेऊन आमच्या दारात आले, म्हणाले, देव इथेही आहे, पण उद्याच्या बोटीची वेळ देवाच्या हातात नाही.

आणि तुम्ही दिसलात. म्हणजे कपाळ दिसलं, वर पंखा. आईने बाळ पुढे धरलं. तुम्ही वाकलात, बघत राहिलात, डोळे पुसलेत. बाबा दारातून आत आले आणि माझ्याही मागे जाऊन खाली बसले. आवाज तुटत होता. मी पडद्याला कान लावला होता. मग तुमचे ओठ हलले, एक शब्द आला, स्वच्छ, पुन्हा तोच, मोठ्याने, तिसऱ्यांदाही तोच, हात वर करून. आणि कॉल गेला तो गेलाच. पास्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबा रडत होते, त्यांनी मान हलवली. पास्टरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि तुमच्या तोंडून आलेलं तेच नाव ठेवलं. सगळ्यांना नाव फार आवडलं. तुम्ही जवळच असल्यासारखं वाटलं. बाबांना मात्र एकच खातंय, की ते ओरडले म्हणून तुम्ही त्यांचा फोन घेत नाही.

मालिआ काकू दारात उभ्या आहेत, म्हणून थांबतो. गुडघ्याला जपा.

तुमचा,
वाकापुना

ता. क. नाव तातालि ठेवलंय. आता तातालि म्हणजे 'थांबा', हे काही नेहमीचं नाव नाही, हे मान्य. पण तुम्ही ज्या दिवशी विमानाने आलात त्या दिवशी मी जन्मलो म्हणून माझं नाव तुम्ही वाकापुना, म्हणजे 'विमान', ठेवलंत, तेव्हा कोणालाच शंका आली नाही. पास्टरांनी तर जाता जाता देवाची वाट बघण्यावर प्रवचन दिलं. चार बायका रडल्या.

ता. क. २. कॉल मी रेकॉर्ड केला होता. आज इअरफोन कानात घालून सावकाश ऐकला. तुम्ही म्हणताय, "थांबा, थांबा, चष्मा शोधते, थांबा!" हे मला आणि आता तुम्हालाच माहीत आहे. तर मागणं एवढंच, की कोणी विचारलं तर हेच नाव तुमच्या मनात होतं म्हणा. खरं कोणतं होतं ते मला हळूच सांगा, मी विसरून जाईन. रेकॉर्डिंग पुसून टाकलंय. आणि खरं सांगू, घरात कोणी 'थांब' म्हटलं तरी आमच्यापैकी कोणी थांबत नाही. तो मात्र रडत असला तरी नावाने हाक मारली की थांबतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना आठवलं. चोराचा फोन आला की नंबर ब्लॉक कसा करायचा, हेही त्या दुपारी मीच शिकवलं होतं. आत्या, तुम्ही रागावलेल्या नाहीच आहात ना? तुम्ही आम्हाला ब्लॉक केलंय! फोनची खूण दाबा, आमचा नंबर धरून ठेवा, 'अनब्लॉक' दाबा. मग बाबांना फोन करा. ते आधी चटईवर बसतील, मग बराच वेळ काही बोलणार नाहीत. फोन ठेवू नका. आणि चुकून ओरडलेच, तर तो चोर नाही, तुमचाच भाऊ आहे.