पेवातला वर्ग

मामाजी, नात लिहून राहिली आहे आणि मी बोलते आहे. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. शिकलेली आहे, चालायचंच. धामणगाव बढेला सून होऊन आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता, शाळेतल्या नकाशावर अजून मुंबई राज्यच होतं. तुम्ही त्या शाळेत इतिहास शिकवायचात, आणि घरी तो ऐकायला कोणी नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, मेलेल्या राजांचं मला काय. तुमचा मुलगा, माझा नवरा, कारकुनीपायी मेहकरला. उरले मी. चुलीजवळ पाट टाकून तुम्ही ते जाड पुस्तक उघडायचात, आणि मला अक्षर येत नव्हतं म्हणून मी चित्रं बघायचे. अक्षर येणारे चित्रं धड बघत नाहीत, असं तुम्हीच एकदा म्हणालात. त्या कौतुकावर मी दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या.

ते चित्र अजून समोर आहे. टोकदार टोपीचा जवान देव बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून बसलाय, नाकपुड्यांत बोटं घालून त्यानं बैलाचं तोंड वर ओढलंय आणि खांद्यात सुरा खुपसलाय. जखमेशी कुत्रा आणि साप. विंचू जिथं डसत होता तिथं तुम्ही मास्तरकीनं बोट ठेवलंत आणि मी पदर तोंडात कोंबला. बैलाच्या शेपटीला गव्हाच्या ओंब्या. मी म्हटलं, बैल मारून गहू? आम्ही तर बैल जगवून ज्वारी काढतो. तुम्ही सांगितलंत, हा रोमच्या शिपायांचा देव, मिथ्र. आपल्या सूर्यनमस्कारातल्या मित्राचा दूरचा भाऊबंद. त्याची देवळं जमिनीखाली, गुहेसारखी, खिडकी नाही, दोन्ही भिंतींना लांब ओटे, मधे दिवे. आता त्यांच्यावर शहरं उभी आहेत, खोदलं की सापडतात. बायांना बंदी. मग सैपाक कोण करे, मी विचारलं, आणि तुम्हाला हसता हसता ठसका लागला. आत काय चालायचं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, लिहूनही ठेवलं नाही. खोदणाऱ्यांना कोंबड्यांची हाडं मात्र मिळाली. म्हणजे देव काय बोलला ते कळलं नाही, जेवायला काय होतं ते कळलं. नव्या माणसाला डोळे बांधून आत न्यायचे, म्हणालात, आणि त्याला पहिलं नाव मिळायचं कावळा. तिथं माझं हसू गेलं. आपल्यात कावळ्याची वाट कधी बघतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या अंगणातलं पेव तुमच्या वडिलांच्या वेळचं. जमिनीत खोदलेली ज्वारीची कोठी. तोंड एका माणसापुरतं, पोट हत्तीचं. त्यात दाणे भरणं कधीच बंद झालं होतं, तोंडावरची शिळा तशीच बसलेली. दिवाळीनंतर तुमच्या मनानं घेतलं की मॅट्रिकच्या पोरांना तिथं बसवून हा धडा सांगायचा. फळ्यावर रोम कळत नाही म्हणे. सासूबाई म्हणाल्या, पेवात दाणे ठेवतात, जित्ती माणसं नाही. शिळा निघाली तेव्हा आतून असा वास आला की शेळ्या दाव्याला ताण देऊन मागं सरकल्या. बंद पेवात खराब हवा साठते, कंदील सोडून बघितल्याबिगर कोणी उतरत नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. तुम्हीही जाणत होता. पहिल्या दिवशी कंदील अर्ध्यात विझला, म्हणून तुम्ही पेव उघडं ठेवलंत आणि रोज मला कंदील सोडायला लावलात. शेवटी तो तळाला जाऊन जळत राहिला, तेव्हा पोरांना उद्या या म्हणून सांगितलंत. त्याच संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. तळाला जुन्या ज्वारीचा कुजका थर होता, तो भिजला. आणखी पाणी जाऊ नये म्हणून तुम्ही गड्याकडून शिळा पुन्हा बसवून घेतलीत.

सकाळी पोरं रांगेत उभी, तुम्ही खालून बोलवाल तसं एकेकानं उतरायचं ठरलेलं. शिळा सरकली. मी कंदील पेटवला तर तुम्ही म्हणालात, “काल पाह्यला ना. माह्या मांगून सोड, उजेडाले.” आणि नवा माणूस कसा जायचा ते पोरांना दिसावं म्हणून उपरण्यानं स्वतःचेच डोळे बांधून घेतलेत. पोरं हसतात. तुम्ही शिडीनं उतरताय, उतरता उतरता धडा सांगताय, आवाज रांजणातून आल्यासारखा. मी वाकून दोरीनं कंदील सोडते. तो तुमच्या डोक्यापर्यंत जातो आणि विझतो. ओढून घेते, पेटवते, सोडते. पुन्हा विझतो. तुमचे डोळे बांधलेले, तुम्हाला अंधार झालेला कळत नाही. तुमच्यासमोर मी कधी पदर ढळू दिला नव्हता, आवाज तर दूरच. त्या दिवशी ओरडले, “मामाजी, कंदील इझला. वर या.” शिडी हलली आणि थांबली.

दोन मोठी पोरं धावली. तुमच्यासाठी जीव देऊ म्हणणारी, आणि त्या दिवशी खरोखर दिला असता. मी पेवाच्या तोंडावर आडवी पडले. एकानं दंड धरून ओढलं. “काकू, सरका ना, गुरुजी मरून राह्यले.”

“उतरशीन त तूबी मरशीन बे. इहिरीचा गळ आन.”

गळ आला तेव्हाच मी हटले. बादली काढायच्या त्या गळानं तुम्हाला कोटाला धरून वर घेतलं. तोवर सगळं संपलं होतं. उपरण्याची गाठ मी सोडली.

तुमचा मुलगा मेहकरहून पोचला तोवर गावात सुरू झालं होतं, सुनेनं म्हाताऱ्याला काढू दिलं नाही. अंगणात पोरांचे आईबाप उभे. त्यानं मला विचारलं, शेवटी काही बोलले का. मी म्हटलं, हो. म्हणाले, कोणाले खाली येऊ देऊ नको. त्यावर सगळं अंगण रडलं. गाव तुमचं नाव हात जोडून घ्यायला लागलं, आणि तुमचा मुलगा त्या एका वाक्याच्या आधारानं म्हातारा झाला, तोही गेला.

नात विचारते, आजी, हे पाठवायचं कुठं? कुठंच नाही बाई, लिही. मी ओरडले तेव्हा खालून तुमचा आवाज आला होता, मामाजी. वाकलेली मी होते, मला एकटीलाच आला. वर्गात असायचा तसाच, फक्त जड. तुम्ही म्हणालात, “पुढचा.”